पाकाचा डाग

मित्रांनो, मी एक जुनं सोनोग्राफी यंत्र आहे. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात मी उमेदीची वर्षं काढली. पोटातल्या बाळाची हालचाल दाखवली की लोक माझ्याकडे कौतुकानं बघत. मग नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला डॉक्टर कौमुदींनी तळेगावच्या आपल्या दवाखान्यात आणलं. आता मी पायांच्या शिरा बघतो.

पायातलं रक्त वर चढायचं असतं. ते परत घसरू नये म्हणून शिरांमध्ये बारीक झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली तुंबतं.

एकदा बेडसे गावच्या हिराबाई आल्या. लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात त्या दिवसभर उभ्यानं गुळाचा पाक ढवळतात. घोट्यावर मोठा काळा डाग आणि त्यात न भरणारी जखम.

"पाकाचा चटका हाय," त्या म्हणाल्या. "आमच्यात समद्यांनाच बसतो."

कित्येक वर्षं त्या जखमेला भाजल्याचं मलम लावत होत्या. आता गावात कुणीतरी सांगितलं होतं, पाय कापावा लागेल. त्या धास्तीनं त्यांचं अन्न तुटलं होतं.

ही तपासणी उभ्यानंच होते. हिराबाई स्टुलावर चढल्या आणि डॉक्टर खाली त्यांच्या पायाशी बसल्या. हिराबाईंनी चटकन पाय मागे ओढला.

"बाई, पायाला हात नगा लावू. पाप लागंल मला."

"पाय मागे घेतलात तर मला दिसणार कसं? उभ्या राहा बघू."

डॉक्टरांनी पोटरी दाबली. रक्त सरसर वर गेलं, पडद्यावर निळा रंग आला. त्यांनी हात सोडला आणि सगळा पडदा लाल झाला. चढलेलं रक्त धो धो खाली येत होतं, थांबतच नव्हतं. मी हादरलो. कसला चटका आणि कसलं काय! दुखणं आत होतं आणि मलम वरून चाललं होतं.

"पायाची नाडी चांगली आहे," सगळं तपासून डॉक्टर म्हणाल्या. "शिरांच्या झडपा बिघडल्यात. घट्ट पट्टी बांधू, मग शिरेवर उपाय करू. पाय कापायचा नाही."

"न्हाई कापायचा?" हिराबाईंनी दोनदा विचारलं. मग त्या रडल्या. डॉक्टर उठून उभ्या राहिल्या, तशा हिराबाई स्टुलावरून उतरून त्यांच्या पाया पडायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"बाई, तुमी पाकात कवा काम केलंत?"

"मी? का हो?"

"तुमच्या बी घोट्याला त्योच डाग हाय."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं आणि माझा विश्वास बसेना. तोच काळा डाग, वर गाठाळलेल्या शिरा. शस्त्रक्रियेसाठी तासन्‌तास उभं राहणारी ही बाई रोज माझ्यापासून हातभर अंतरावर असते. तिनं मला स्वतःच्या पायाला कधी लावलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मित्रांनो, तुमच्या घरीही ओट्याशी, फळ्यापाशी, यंत्रापाशी दिवसभर उभं राहणारं कुणीतरी असेल. त्यांचे घोटे आजच बघा. ती माणसं स्वतःहून दाखवणार नाहीत.

डॉक्टर साडीनं पाय झाकून घेऊ लागल्या. हिराबाईंनी त्यांचा दंड धरला.

"चढा बाई स्टुलावर," त्या म्हणाल्या. "मी धरते."