एकाच झाडाची चौदा पत्री

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! माझे सहा दात उरलेत, त्या सहाही दातांची शपथ. एक अक्षर खोटं निघालं तर उद्या सकाळी सगळे पडू देत, मी पेज पिऊन दिवस काढीन. भोपाळजवळच्या मिसरोदला जाऊन कुणालाही विचारा. विचारताना फक्त अरविंदराव सोवनींच्या दारासमोर उभं राहू नका, ते अजून ऐकू आलं की लाल होतात.

तर हे अरविंदराव. मंडीदीपच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासायला होते. म्हणजे दुसऱ्यानं घाम गाळून केलेली वस्तू हातात घ्यायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "रिजेक्ट." एकतीस वर्षं एकच शब्द बोलून माणसाला पेन्शन मिळते, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. रिटायर झाले, आणि रिजेक्ट करायला घरात उरलं काय? बायकोच्या, सुलभाच्या पोळ्या. कारखान्यातनं आणलेली ती व्हर्नियरची सरकपट्टी, जिनं खिळ्याची जाडी मोजतात, ती घेऊन माणूस पानावर बसला. "सुलभा, ही पोळी कडेला दीड मिलिमीटर जास्त आहे."

सुलभा गरीब बाई. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या हातात लाटणं दिलं आणि स्वतः ताटावर बसली. पोळ्यांची तपासणी त्या दिवशी संपली.

मग साहेब घराबाहेर निघाले.

तिथल्या मराठी मंडळाचा गणपती असतो. दरवर्षी हॉलच्या दाराशी गेंदाबाई बसायची. नाल्यापलीकडच्या वस्तीतली. पत्रीच्या जुड्या घेऊन यायची, बरोबर तिची बकरी. बकरीचं नाव बेगम, आणि चालही तशीच, जणू सगळं भोपाळ अजून तिच्याच नावावर आहे. मंडळातली माणसं जुडी घ्यायची, देवापुढं ठेवायची, नमस्कार करायची. आत काय आहे ते कुणी बघायचं नाही. बघून कळणार तरी काय होतं? ऐंशी माणसांचं मंडळ, त्यात इंजिनियर तीस, आणि आघाडा ओळखणारं एक नाही.

गेल्या वर्षी अरविंदरावांनी जुडी सोडली. दारातच भिंग लावून पानं मोजली. "अकराच प्रकार! एकवीस हवेत! दहा पानांची तूट! अख्खा लॉट रिजेक्ट!"

गेंदाबाई म्हणाली, "साहब, इस बार पानी बहुत गिरा, नाला भर गया, जितना मिला उतना लाई. भगवान ने तो कभी गिना नहीं."

"भगवान नहीं गिनता, इसीलिए तुम लोगों का चलता है," साहेब म्हणाले. सगळ्यांसमोर. ती जुड्या गोळा करून गेली. जाताना बेगमनं तेवढं वळून बघितलं.

यंदा श्रावणात मंडळाची बैठक झाली. अरविंदराव उभे राहिले. "एकवीसच्या एकवीस पत्री मी स्वतः रानातून ओळखून आणणार. त्या बाईला दारात बसू देऊ नका. कायमचं."

अध्यक्ष कांचनताई. चष्म्यावरून बघतात, तेव्हा समोरच्याला शाळेत गेल्यासारखं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला झाडं ओळखता येतात, सोवनी?"

"शिकतोय. तीन आठवडे भरपूर झाले."

"आणि चुकलात तर?"

"एक पान जरी चुकलं ना, तर दहा दिवस दारात बसून लोकांच्या चपला सांभाळीन!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कांचनताईंनी शांतपणे वहीत लिहून घेतलं: बरोबर आलं तर गेंदाबाई कायमची बंद, चुकलं तर सोवनी चपलांपाशी. खाली सोवनींची सही घेतली. रिजेक्ट लिहिणारा माणूस तो, सही करताना हात कशाला थांबतोय.

शिकायचं कसं? कुणाला विचारायचं म्हणजे कमीपणा. मोबाइलमध्ये झाडं ओळखणारं ॲप घेतलं. पानाचा फोटो काढायचा, की ते नाव सांगतं आणि किती टक्के खात्री तेही सांगतं. अरविंदरावांनी नियम केला, पस्तीसच्या वर टक्के आले की पास. लहानपणी गणितात स्वतः त्याच हिशेबानं पास झाले होते, असं सुलभा म्हणते.

सात पत्री घराजवळच मिळाल्या. दूर्वा, तुळस, बेल, डाळिंब, जाई, पिंपळ, रुई. ही बालवाडीतल्या पोरालाही येतात. त्यावर माणूस असा फुगला की बाजारातनं खिसेवालं जाकीट आणलं, गोल टोपी आणली, गळ्यात भिंग अडकवलं. भाद्रपदाच्या उकाड्यात जाकीट! आणि राहिलेल्या चौदांसाठी स्वारी निघाली कॉलनीमागच्या नाल्याकडे. मागनं सुलभा, हातात छत्री आणि पिशवी.

नाल्याच्या काठाला एक झाड होतं. चांगलं दांडगं, हिरवंगार. साहेबांनी एक पान तोडलं, सरळ, अखंड. फोटो काढला. ॲप म्हणालं, बोर, एक्केचाळीस टक्के. "पास!" दुसरं पान तोडलं, त्याला एका बाजूला खाच. फोटो काढताना हात हलला. धोत्रा, अडतीस टक्के. "पास!" तिसऱ्याला दोन्ही बाजूंनी खाचा, ओलं होतं, उलटं धरलेलं. डोरली, छत्तीस. "सुलभा, लिही!"

सुलभा म्हणाली, "अहो, पण तिन्ही एकाच फांदीची आहेत."

"आकार बघ. वेगळा आहे की नाही?"

"आहे. पण फांदी एकच..."

"एका ड्रॉइंगचा एकच पार्ट असतो, सुलभा. आकार बदलला की पार्ट बदलला. एकतीस वर्षं हेच केलंय मी. इथं वेगवेगळी झाडं एकमेकांच्या अंगावर उगवलीत. जंगलात असंच असतं."

जंगल म्हणजे कॉलनीच्या भिंतीपासून वीस पावलं. तिथून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

तर अशा रीतीनं त्या एका झाडावर त्यांना आघाडा मिळाला, शमी मिळाली, माका मिळाला, कण्हेर मिळाली. अहो, कण्हेर! होशंगाबाद रोडच्या दुभाजकावर मैलभर लावलेली आहे. एकतीस वर्षं स्टाफ बसच्या खिडकीतनं रोज ती त्यांना दिसत होती. पण दुभाजकावरच्या झाडाला कुणी नाव विचारतं का! केवड्याचं पान हातभर लांब असतं एवढं सुलभालाही ठाऊक होतं. ती तसं म्हणाली, तर उत्तर आलं, "कोवळा आहे अजून." आणि देवदार? हिमालयातलं, सुईसारख्या पानांचं ते झाड? "भोपाळच्या हवेला ॲडजस्ट झालंय. सुया कशाला काढेल इथं?"

सुलभानं छत्री मिटली. घरी आली आणि मोदकाचं पीठ आणायचं म्हणून जी बाहेर पडली ती नाल्यापलीकडे जाऊन आली. पीठ काही आणलं नव्हतं.

चतुर्थीच्या सकाळी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. अरविंदराव सोवळं नेसून, हातात भलंमोठं तबक घेऊन आले. तबकात एकवीस पानं, तीन ओळींत सात-सात. प्रत्येक पान व्हर्नियरनं मोजलेलं, नाल्यावरची चौदाही साडेतीन इंचाची, शेजारी नावाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर हिरवं गोल स्टिकर: ओके. बायका पुढं झुकून बघायला लागल्या. "बाई, ही डोरली होय? मी पहिल्यांदा बघितली." "शमी किती ताजी आहे, नाही?" त्यांच्यासमोर तबकात साबुदाणा ठेवला असता आणि अगस्ती म्हणून चिठ्ठी लावली असती, तरी हात जोडले असते.

अरविंदरावांची छाती उपरण्यात मावत नव्हती. तबक दाराजवळच्या स्टुलावर ठेवून ते हात धुवायला वळले. विनायकगुरुजींनी संकल्प सुरू केला. आणि दारात खुरांचा आवाज आला.

बेगम.

दोरी तोडून आली म्हणतात. मी तर म्हणते, दोरी सोडलेली होती. ती कुणाकडे न बघता स्टुलापाशी गेली, तबकात तोंड घातलं आणि खायला लागली. ओळीनं! पहिली ओळ घरच्या सात पानांची. ती तिनं हुंगली आणि सोडून दिली. दुसऱ्या ओळीपासून जी सुरुवात केली! माका खाल्ला. बोर खाल्ली. शमी खाल्ली. चिठ्ठ्या तेवढ्या तोंडातनं बाजूला टाकत होती.

"अहो धोत्रा!" कांचनताई किंचाळल्या. "धोत्रा खाल्ला तिनं! आता कण्हेर! मरेल ती! धरा कुणीतरी!"

गुरुजींचा मंत्र अडला. धरायला कोण जाणार, बेगमची शिंगं बघितलीत का? तिनं देवदार संपवला, केवडा संपवला आणि जीभ फिरवून तबक चाटलं.

दारात गेंदाबाई उभी होती. ती शांतपणे आत आली आणि बकरीशेजारी फरशीवर बसली. "कुछ नहीं होगा," एवढंच म्हणाली.

"होणारच!" अरविंदराव ओरडले. "धोत्रा आहे तो! अख्खी कण्हेर गेलीय पोटात!"

आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. बकरी मेली, तर पानं खरी. बकरी जगली, तर चपला.

मी आयुष्यात पुष्कळ माणसं बघितली, पण गणपतीसमोर उभं राहून बकरी मरायची वाट बघणारा हा एकटाच. घड्याळ बघत होते. बेगमच्या डोळ्यांत वाकून बघत होते. हळूच गुरुजींना विचारलं, "कण्हेरीला साधारण किती वेळ लागतो हो?"

गुरुजी म्हणाले, "मला मध्यान्हीच्या आत पूजा करायचीय, सोवनी. तेवढं मला माहीत आहे."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. सगळं मंडळ गणपतीकडे पाठ करून बकरीकडे तोंड करून बसलं. पंधराव्या मिनिटाला बेगमनं एक ढेकर दिली. उठली, अंग झटकलं, सरळ अरविंदरावांपाशी गेली आणि त्यांच्या सोवळ्याच्या कनवटीत तोंड खुपसलं. तिथं साहेबांनी जादा सॅम्पल खोचून ठेवले होते. तेही तिनं ओढून काढले.

हॉलमध्ये जो हशा उठला, तो म्हणे मंडीदीपपर्यंत ऐकू गेला.

गेंदाबाईनं बकरीच्या तोंडातलं अर्धं पान ओढलं, उजेडात धरलं. "साहब, ये तो नाले वाला शहतूत है. बेगम रोज़ वहीं चरती है. इसका पत्ता ऐसा ही होता है, कोई सीधा, कोई कटा, कोई दो जगह से कटा. एक ही पेड़ पर." मग पान परत बकरीला देत म्हणाली, "चौदह के चौदह शहतूत. पूरा लॉट."

तुतीचं झाड ते! साधं तुतीचं. पोरं ज्याची फळं खाऊन तोंड जांभळं करून घेतात, ते.

अरविंदराव भिंतीला टेकले. कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग मान, मग टक्कल. एकतीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलेला शब्द आता ऐंशी माणसांच्या तोंडावर होता. कुणी तो म्हणालं नाही, तेच जास्त लागलं असावं. त्यांनी सुलभाकडे बघितलं. सुलभा मोदकांवर तूप सोडण्यात अगदी गुंग होती.

गुरुजी म्हणाले, "आता पत्रीचं काय?"

गेंदाबाईनं पदराखालची जुडी काढली. एकवीसच्या एकवीस. दोन दिवस पायपीट केली होती तिनं. काटेरी डोरली, हातभर केवडा, देवदाराची वाळकी काडी जुन्या भोपाळातल्या जडीबुटीवाल्याकडून. कांचनताईंनी चष्मा वर करून एकेक पान तिच्याकडून समजून घेतलं आणि मग तबकात ठेवलं. पूजा मध्यान्हीच्या आत झाली.

आरती संपल्यावर कांचनताईंनी वही उघडली. सहीवर बोट ठेवलं. अरविंदरावांनी उपरणं सावरलं आणि दारात जाऊन बसले. दहाच्या दहा दिवस बसले, ते मात्र कबूल करायला हवं. दुसऱ्या दिवसापासून चपलांना नंबरही लावले, आणि एकाची टाच झिजलेली दिसली तेव्हा तोंडातनं "रिजेक्ट" निघणारच होतं, ते गिळलं.

दोन हातांवर गेंदाबाई आपल्या जुन्या जागी बसायची. रोज ती एक पान त्यांच्यासमोर टाकायची. नाव सांगायची नाही. ते चुरगळून वास घ्यायचे, देठ बघायचे, काटा टोचला की हात झटकायचे. चुकले की बेगम ते पान खाऊन टाकायची. पाचव्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा बरोबर सांगितलं, "आघाडा." गेंदाबाईनं मान डोलावली. आणि अनंत चतुर्दशीला अरविंदराव उठले, तिच्यासमोर हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, चुकलो मी."

बरं, आता तुम्ही माझ्या दातांकडे बघताय, म्हणून सांगते. तेवढं एक मी घातलंय. "चुकलो" तो माणूस आजतागायत कुणाला म्हणालेला नाही, सुलभालासुद्धा नाही. त्या दिवशी त्यांनी फक्त हातातलं पान खाली ठेवलं आणि विचारलं, "अगला?"

बकरीचं मात्र सगळं खरं आहे.