क्षचं थडगं

मामा मूळचे चित्रकलेचे शिक्षक. गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा हेडमास्तर त्यांना म्हणाले होते, जरा तात्पुरतं बघा. बाई परत आल्याच नाहीत. ज्या बाळासाठी त्या गेल्या होत्या ते बाळ वाढलं, याच शाळेत आलं, मामांकडेच बीजगणित शिकून बाहेर पडलं, तरी मामांची नेमणूक अजून तात्पुरतीच होती. दरवर्षी सुट्टीआधी ते हेडमास्तरांना आठवण करून देत. हेडमास्तर म्हणत, बघू. या दरम्यान हेडमास्तरही तिसरे आले.

शाळेच्या शेवटच्या वर्गाला कॉलेजच्या बीजगणितासाठी तयार करायचं, हे मामांचं काम. बसच्या शेवटच्या थांब्यावर कॉलेज होतं आणि आत शिरायच्या आधी तिथे बीजगणिताची चाचणी द्यावी लागे. त्यात निभावलं तर पुढचं शिक्षण. नाही निभावलं तर पावाचा कारखाना होता, बस होती, हॉस्पिटलचं धुलाईघर होतं. बेकार कुणी राहत नसे. कॉलेजचं बीजगणित आपल्याकडच्या पोरांना झेपत नाही, ही गोष्ट गावाने हवामानासारखी मान्य केली होती. त्यात कुणाचा दोष काढायची पद्धत नव्हती.

भाची त्यांच्याच वर्गात होती. शाळेत सर म्हणायचं आणि घरी मामा, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. ती, तिची आई आणि मामा शाळेच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहत, त्यामुळे सर कुठे संपतात आणि मामा कुठे सुरू होतात हे सांगणारी एकच खूण होती: चप्पल. बूट असले की सर.

मामांची शिकवण्याची पद्धत सोपी होती आणि मुलांना ती मनापासून आवडायची. एखादी गोष्ट बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना दिसली की तिचं या जगातलं काम संपलं, असं ते सांगत. नुसती काट मारणं त्यांना असभ्य वाटे. पोरांनी तिच्यावर छोटीशी कमान काढायची, खाली पाया द्यायचा, म्हणजे थडगं तयार. चित्रकलेचा माणूस असल्यामुळे सावली कुठल्या बाजूला पडते याकडे त्यांचं बारीक लक्ष असे. ज्यांना गणित अजिबात येत नव्हतं ते थडग्याभोवती गवत काढत आणि मामा त्यांना अर्धा गुण देत. वर्गात मागून त्यांना थडगं सर म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आतून थोडं आवडतही होतं.

क्ष गुणिले क्ष बरोबर सात गुणिले क्ष. दोन्हीकडे एकेक क्ष पुरा. उरला क्ष बरोबर सात. मामा खडू खाली ठेवून हात झटकत आणि वर्गात जरा दुखवट्याची शांतता पसरे.

भाचीला वर्गात शंकासुर म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. एकदा तिने हात वर करून विचारलं, "सर, तो क्ष जर शून्यच असला तर?"

"शून्य असता," मामा म्हणाले, "तर त्याला शोधायला आपण इतकी माणसं कशाला निघालो असतो?"

वर्ग खो खो हसला. तीही हसली, कारण वाक्य चांगलं होतं. संध्याकाळी चप्पल घालून मामा म्हणाले की असे फाटे फोडायची सवय तिच्या आईलाही होती, म्हणून तर आईचं कॉलेज झालं नाही. तेव्हा चाचणी नव्हती, पण पहिली सहामाहीसुद्धा पुरी न करता ती घरी आली होती. आई तेव्हा नुकतीच धुलाईघरातून येऊन बसली होती. वाफेने आणि सोड्याने तिचे हात फुगून पांढरे झालेले. तिने मान डोलावली. "माझं डोकंच नव्हतं तेवढं," असं ती म्हणाली, आणि हे ती इतक्या वेळा म्हणत आली होती की ते तिच्या ओळखीचाच भाग झालं होतं, जसं एखाद्याचं टक्कल.

चाचणीच्या दिवशी भाचीने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. क्ष पुरला, सावली उजवीकडे दिली, सात लिहिलं. वेळ उरला होता. शंकासुराच्या हाती रिकामा वेळ देऊ नये. तिने सात परत समीकरणात घालून पाहिलं, बरोबर आलं. मग शून्य घालून पाहिलं, केवळ शून्याचा हिशेब करायला काही कष्ट पडत नाहीत म्हणून. डावीकडे शून्य. उजवीकडे शून्य.

पुरलेल्या माणसाने आतून दार वाजवावं तसं झालं. तिने वर पाहिलं. वर्गातली सगळी डोकी खाली होती, सगळे मन लावून कमानी काढत होते. तिने थडग्याशेजारी अगदी बारीक अक्षरात लिहिलं, 'किंवा शून्य', कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने. तशी आणखी काही गणितं होती. तिथेही तिने तसंच केलं, आणि घरी कुणाला काही बोलली नाही.

निकाल आला नाही. बोलावणं आलं.

कॉलेजचं म्हणणं असं होतं की या शाळेच्या जवळजवळ प्रत्येक मुलाने तेच चुकीचं उत्तर दिलं आहे, त्याच ओळीवर, आणि शेजारी तीच सांकेतिक खूण काढली आहे. त्या खुणेचा अर्थ लावायला इतिहासाच्या प्राध्यापकांनाही विचारून झालं होतं. सामुदायिक कॉपी, दुसरं काय? जो कबूल करेल त्याला यंदापुरती बंदी आणि जो करणार नाही त्याला कायमची, असं कारकुनाने बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना सांगून ठेवलं होतं.

मुलांनी भराभर कबूल केलं. प्रत्येकाने आपल्या पुढच्याचं बघितलं होतं. पहिल्या बाकावरच्याला पुढे कुणी नव्हतं, तेव्हा त्याने खूप विचार करून आपण पर्यवेक्षकांचं बघून लिहिलं असं सांगितलं. समितीने तेही लिहून घेतलं. आता फक्त एवढंच उरलं होतं की हे सगळं सुरू कुणी केलं. समितीच्या हातात एक पेपर असा होता की त्यात खूण होती पण उत्तर बरोबर होतं. म्हणजे हिला खरं उत्तर माहीत होतं आणि बाकीच्यांना हिनेच बनवलं. सूत्रधाराला कायमची बंदी.

म्हणून भाचीला पालकाला घेऊन यायला सांगितलं होतं. आईला सुट्टी मिळेना. मामा बूट घालून आले.

खोलीत एक लांब टेबल, एक फळा आणि पंखा. टेबलामागे विभागप्रमुख होते, थकलेले, सभ्य गृहस्थ, आणि यंदाच नव्याने पेपर तपासू लागलेल्या परीक्षकबाई. बाईंनी तिचा पेपर पुढे सरकवला आणि थडग्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे.

मामांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे माझं," ते म्हणाले. "सावली थोडी कच्ची आहे, पण घाईत चालायचंच."

मग त्यांनी न विचारता खडू उचलला आणि समितीला पद्धत समजावून सांगितली. क्ष पुरला. सात काढले. हात झटकले. मुलांनी बरोबरच तर लिहिलंय, ते म्हणाले, मग कॉपीचा प्रश्न येतो कुठे? सगळ्यांचं उत्तर सारखं येणारच. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं, बीजगणिताची गंमतच ती आहे.

विभागप्रमुख आणि बाईंनी एकमेकांकडे पाहिलं. विभागप्रमुखांचा आवाज मऊ झाला. मुलांसाठी शिक्षकाने स्वतःची अब्रू पणाला लावावी हे आम्ही समजू शकतो, असं ते म्हणाले. पण कुठला गणिताचा शिक्षक असं शिकवेल यावर आमचा विश्वास बसणार नाही. तुम्ही मोठ्या मनाचे आहात. त्यांनी कारकुनाला पाणी आणायला सांगितलं.

मामा थोडे सुखावले आणि थोडे गोंधळले. आपलं कौतुक चाललंय एवढं त्यांना कळलं होतं, कशाबद्दल ते कळत नव्हतं.

भाचीला मात्र लख्ख दिसत होतं. ती गप्प बसली तर मामा हे पाणी पिऊन मोठ्या मनाचे म्हणून घरी जातील, पोरं कॉपी करणारी ठरतील, आणि तिचं कॉलेज या खोलीतच संपेल. उद्यापासून आईच्या शेजारचा हौद तिचा. बोलली तर मामांचं काय होईल ते तिला अजून नीट कल्पताही येत नव्हतं. तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं. बूट होते. त्या दिवशी त्यांना आईनेच पॉलिश केलं होतं.

"सर," ती म्हणाली, "क्षच्या जागी शून्य घाला."

"पुन्हा तेच," मामा समितीकडे बघून हसले. "ही घरीसुद्धा अशीच."

"एकदा घाला ना, सर."

त्यांनी घातलं, लहान मुलाची समजूत घालावी तसं. शून्य गुणिले शून्य. बरोबर. सात गुणिले शून्य. डावीकडे त्यांनी शून्य लिहिलं. उजवीकडे शून्य लिहिलं. मग ते पुसलं आणि पुन्हा केलं, यावेळी सावकाश, जणू आधी हात घसरला होता. खाली त्यांनी दुसरं समीकरण लिहिलं, सातच्या जागी नऊ. तिथेही शून्य निघालं. पंख्याचा आवाज येत होता. परीक्षकबाई सांगू लागल्या की ज्याने भागायचं ते शून्य असू शकतं तेव्हा त्याने भागता येत नाही, पण अर्ध्यातच थांबल्या, कारण ऐकणारा माणूस पाठमोरा होता आणि वळत नव्हता.

शेवटी मामांनी वळून अगदी अदबीने विचारलं, "हे आधीपासूनच असं आहे का?"

विभागप्रमुख म्हणाले, "हो. बरंच आधीपासून."

कॉपीचा आरोप मागे घेण्यात आला. मुलं प्रामाणिकपणे नापास झाली आणि सुट्टीनंतर त्यांना पुन्हा बसायची परवानगी मिळाली. बाहेरच्या बाकावर हे कळल्यावर पहिल्या बाकावरचा मुलगा भाचीवर उखडला. कबूल करून प्रकरण मिटवलं होतं ना, तुला कुणी सांगितलं होतं खरं बोलायला, आणि थडगं सरांचं हसं केलंस ते वेगळंच. त्याचे डोळे भरले होते. भाचीला प्रवेश मिळाला होता. तिचं अभिनंदन फक्त कारकुनाने केलं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर मामांचा जुना विद्यार्थी निघाला. त्याने त्यांचं तिकीट फाडायला नकार दिला. मामा हात लांब करून द्या म्हणत राहिले, तो लाजत नाही म्हणत राहिला. "काय सर, लाजवता. कॉलेज नाही जमलं आम्हाला, तो नशिबाचा भाग. पण तुमच्यामुळे निदान एवढं गणित तरी आलं." एवढं बोलून तो उत्साहाने पुढे गेला. तिथे चालकही त्यांचाच विद्यार्थी होता, त्याने आरशातून हात केला. मामांनी तिकीट नसलेला हात परत घेतला आणि मांडीवर ठेवला. पावाच्या कारखान्यापाशी पाळी सुटली होती. गेटमधून माणसं बाहेर पडत होती, खिडकीत त्यांना ओळखून सलाम करत होती. मामा प्रत्येक सलामाला बाकावर थोडे थोडे खाली सरकत गेले. घराच्या थांब्यापर्यंत बाहेरून फक्त त्यांची टोपी दिसत असावी.

आई आली तेव्हा ते अजून बुटातच होते. खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. भाचीने जेवढं जमेल तेवढं सांगितलं. प्रवेश मिळाला, हे तिने सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू सांगितलं. आईने भांडं टेबलावर ठेवलं. भाचीला वाटलं, ती आता तिला जवळ घेईल किंवा रडेल.

"गणित काय होतं?" आईने विचारलं.

भाची कागद शोधायला उठली, पण आईने ओल्या बोटाने टेबलावरच लिहायला घेतलं होतं. क्ष गुणिले क्ष, बरोबर, सात क्ष. इतक्या वर्षांनी बोटाने आपोआप कमान काढली. सावलीसुद्धा उजवीकडे दिली. मग ती थांबली. खाली दुसरी ओळ लिहिली आणि त्यात शून्य घातलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. तिची ती फुगलेली पांढरी बोटं टेबलाच्या कडेवर तशीच राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

तिने मामांच्या पाठीकडे पाहिलं.

"मी विचारलं होतं तुला, दादा. वर्गात उभं राहून विचारलं होतं."

"आठवतं," मामा भिंतीला म्हणाले. "सगळे हसले होते."

"मीपण हसले होते," आई म्हणाली.

तिने ताटं मांडली, तिघांची. भाचीने वाढायला घेतलं तर तिने हात धरून तिला बसवलं. टेबलावरचं लिहिलेलं कडेने वाळत चाललं होतं. कमान आधी गेली, सावली तर केव्हाच. आईने मामांचं ताट त्यावर न ठेवता जरा बाजूला ठेवलं.

"बूट काढ," ती म्हणाली. "आणि जेव. मग मला दुसरं एखादं गणित घाल. ते चुकवलंस तर ही बघेल."

मामा खाली वाकले आणि नाडीची गाठ सोडू लागले. गाठ सुटत नव्हती. त्या दोघी थांबून राहिल्या.