गाइतो की काइतो

एलिओदोरोला फोनवर हळू बोलता येत नसे. चाळीस वर्षं वाळवंटात जमिनी मोजण्यात, अर्ध्या किलोमीटरवर काठी धरून उभ्या असलेल्या माणसाला "डावीकडे! अजून डावीकडे!" असं ओरडण्यात गेली होती, आणि ते वळण काही निवृत्तीनंतर सुटलं नव्हतं. गुरुवारी सकाळी त्याने काबोर्कातल्या आपल्या घरून पोर्तो पेन्यास्कोला फोन लावला. तिथल्या मोरुआच्या खाडीत काही बायका मिळून कालवं वाढवतात, त्यांचा नंबर त्याने कुठून तरी पैदा केला होता. सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात त्याने विचारलं, "काबोर्काहून इंजिनियर बोलतोय! तुमच्याकडे गाइतो आहेत का?"

पलीकडे वारा घोंघावत होता. एक बाई त्याच्याहून मोठ्याने ओरडली, "आहेत की! भरपूर! शनिवारी या. पण दहाच्या आत या हं, नंतर काही उरत नाही!"

उन्हं चढली की उडून जात असतील, असा अर्थ एलिओदोरोने लावला आणि समाधानाने फोन ठेवला.

गाइतो म्हणजे खरं तर छोटा कोंबडा. पण पक्ष्यांच्या पुस्तकात हे नाव सुरय या समुद्रपक्ष्यांतल्या सगळ्यात चिमुकल्याला दिलं आहे. तो उन्हाळ्यात या किनाऱ्यावर येतो, उघड्या वाळूत दोन अंडी घालतो आणि जुलै संपता संपता निघून जातो. एलिओदोरोच्या वहीत सोनोरा प्रांतातले तीनशे अकरा पक्षी होते. हा नव्हता. नोकरीत असताना दर उन्हाळ्यात त्याला डोंगराळ भागात पाठवत, आणि निवृत्त झाल्यावर बायकोच्या आजारपणात चार उन्हाळे गेले. ती गेल्यानंतरचे दोन उन्हाळे तो घराबाहेरच पडला नव्हता.

आणि आता डोळे. दोन्ही डोळ्यांच्या ऐन मध्यभागी करडा डाग पडला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं गायब. डॉक्टर म्हणाले होते, डाग वाढणार, पण कडेचं दिसत राहील. तिरकं बघायची सवय करा. एलिओदोरोला त्या सल्ल्याचा भयंकर राग आला होता. जन्मभर मोजणीच्या दुर्बिणीतली बारीक फुली बरोबर खुणेवर आणून ज्याने पोट भरलं, त्याला नजर चुकवून बघायला सांगायचं म्हणजे काय! वहीच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या अक्षरात नियम लिहिला होता: समोरून, स्वच्छ पाहिलेला पक्षीच लिहायचा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डाग एवढा मोठा होणार होता की समोर हत्ती आला तरी दिसला नसता. म्हणजे गाइतो याच उन्हाळ्यात दिसला तर दिसला, नाही तर वही तशीच अर्धवट राहणार.

शनिवारी पहाटे मुलीने, नोएमीने, गाडी काढली. नोएमी शाळेत कवायत शिकवते आणि बापालाही त्याच सुरात शिकवते.

"अपा, दुर्बीण घेतली? पाणी? टोपी?"

"घेतली, घेतलं, घेतली."

"आणि नाही दिसला तर परत येताना दोन तास तोंड फुगवून बसायचं नाही, काय?"

"न दिसायला काय झालं? भरपूर आहेत, बाई स्वतः म्हणाली."

दोन तास निवडुंग आणि वाळू मागे पडत राहिली आणि मग रस्त्याच्या टोकाला निळी रेघ उमटली. एलिओदोरोने सवयीने समोर बघितलं, त्याला ती दिसली नाही. नोएमीनेही सांगितलं नाही.

खाडीवर पोचले तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी पार दूर गेलं होतं आणि चिखलातून रबरी बूट घातलेल्या बायका कालवांचे क्रेट ओढत येत होत्या. फळ्यांच्या खोपटासमोर एक साठी उलटलेली, रुंद टोपीवाली बाई सुरी परजत उभी होती. आवाजावरून एलिओदोरोने तिला लगेच ओळखलं.

"काबोर्काचे इंजिनियर तुम्हीच ना? मी ओबदुलिया. बसा, सावलीत बसा. तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेत."

"बाजूला काढून?" एलिओदोरो दचकला.

"मग काय तर! शनिवारची गिऱ्हाइकं म्हणजे टोळधाड. मी म्हटलं, एवढ्या लांबून माणूस येतोय, त्याला रिकाम्या हाती नको पाठवायला." आणि तिने त्याच्यापुढे बशी ठेवली. बशीत शिंपल्यांतला पांढराशुभ्र गर होता, वर पिळलेलं लिंबू आणि चुरडलेली चिल्तेपिन मिरची.

नोएमीला आधी उलगडा झाला. ती खांबाला धरून इतकी हसली की चिखलातल्या बायका थांबून बघायला लागल्या. "अपा, काइतो! तुम्ही विचारलंत गाइतो, यांना ऐकू आलं काइतो! या गराला काइतो म्हणतात इकडे!"

एका अक्षराचा फरक, आणि तोही वाऱ्याने खाल्लेला. एरवी एलिओदोरो स्वतःच हा किस्सा वर्षभर सांगत सुटला असता. आज त्याने बशी बाजूला सारली. "मला खायचं नव्हतं हो," तो म्हणाला, चक्क हळू आवाजात. "मला पक्षी बघायचा होता. माझे डोळे चाललेत."

ओबदुलिया हसली नाही. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली.

"आधी हे संपवा. रडायचं असेल तर भरल्या पोटी रडा. मग सांगा, कसा असतो तुमचा पक्षी?"

एलिओदोरोने खाल्लं. गर इतका गोड होता की त्याचाही त्याला राग आला. खाता खाता त्याने वर्णन केलं: मुठीएवढा, पांढरा, डोक्यावर काळी टोपी, कपाळावर पांढरा ठिपका, चोच पिवळी, शेपूट कात्रीसारखी.

"ओरडतो?"

"खूप. म्हणजे, पुस्तकात तसं लिहिलंय."

"आणि अंड्यांजवळ गेलं तर डोक्यात टोचतो?"

"तेही लिहिलंय."

"अगं बाई, सासू!" ओबदुलियाने मांडीवर थाप मारली. "इंजिनियर, तुम्ही सासू बघायला आलात होय? मग असं सांगायचं ना! आम्ही तिला सासूच म्हणतो. दिवसभर किंचाळते, डोक्यावर चोच मारते आणि वर टोपीवर घाण करते. खोपटामागे चार जोड्या आहेत."

एलिओदोरो उठला तो बशी सांडतच.

खोपटामागे फेकलेल्या शिंपल्यांचा पांढरा सपाट ढीग वर्षानुवर्षं पसरत गेला होता. त्याच्या कडेने रिकामे क्रेट पालथे ओळीने मांडलेले होते. वाळूत मोटारी उडवणाऱ्या पोरांची चाकं अंड्यांवरून जाऊ नयेत म्हणून बायकाच दर मे महिन्यात ते मांडत. सुरय पक्ष्याची कुणाला ओळख नव्हती, पण सासूला राखायचं हे सगळ्यांना माहीत होतं.

"क्रेटच्या पुढे पाऊल टाकायचं नाही," ओबदुलियाने बजावलं.

तेवढ्यात किंचाळणं सुरू झालं. एलिओदोरोने दुर्बीण लावली. समोर करडा डाग. त्याने डावीकडे बघितलं, डाग डावीकडे आला. आवाज बरोबर कपाळावर होता, पंखांचा वारासुद्धा लागत होता, टोपीवर टक् करून चोच बसली, आणि दिसत काही नव्हतं. त्याने दुर्बीण खाली केली.

"अपा, आवाज ऐकलात ना? तो लिहा," नोएमी म्हणाली. आता तिचा कवायतीचा सूर गेला होता.

"नियम आहे, बाळा."

ओबदुलिया त्याला निरखत होती. "माझ्या आईचं असंच झालं होतं," ती म्हणाली. "मी समोर उभी राहिले की म्हणायची, सरक बाजूला, म्हणजे दिसशील. इंजिनियर, पक्ष्याच्या मागे नका लागू. माझ्याकडे बघा."

"तुमच्याकडे बघून काय होणार?"

"मी तुमच्या उजव्या हाताला उभी आहे. माझ्या तोंडाकडे बघा आणि तिथेच राहा. हलायचं नाही. आहे का हिंमत?"

चाळीस वर्षांची सवय मोडायला फार जड गेलं. एलिओदोरोने तिच्या तोंडाकडे बघितलं. तोंडाच्या जागी करडा डाग आला, भोवती टोपीची कड उरली. आणि डाव्या अंगाला, निळ्या आभाळात, एक मुठीएवढा पांढरा जीव जागच्या जागी पंख फडफडवत लटकला होता. काळी टोपी. कपाळावर ठिपका. पिवळी चोच, त्याच्यावरच उघडलेली, मनसोक्त शिव्या देणारी.

"दिसला," तो म्हणाला. मग त्याच्या मूळ आवाजात, साऱ्या खाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "दिसला!"

नोएमी डोळे पुसत होती, आणि ऊन लागतंय असं सांगत होती.

एलिओदोरोने क्रेटवर बसून वही काढली. पहिल्या पानावरच्या नियमातला 'समोरून' हा शब्द त्याने चाचपडत खोडला. मग शेवटच्या पानावर, ओळ सोडून वाकडंतिकडं, लिहिलं: तीनशे बारा, गाइतो, उर्फ सासू.

पक्षी शांत होऊन अंड्यांवर जाऊन बसला होता. ओबदुलिया एलिओदोरोच्या कडेलाच उभी होती. "उद्याही या," ती म्हणाली. "भरतीच्या वेळी सासवा पिल्लांना मासे भरवतात. दोन जोड्यांची फुटलीत अंडी."

"येऊ," एलिओदोरो म्हणाला. तो आता सरळ शिंपल्यांकडे, बसलेल्या पक्ष्याकडे टक लावून बघत होता आणि हलत नव्हता.

"बसल्यावर कशी दिसते आमची सासू?" तिने विचारलं.

"सुरेख," तो म्हणाला. "भुवयांवर मीठ साचलंय, आणि पुढचा एक दात नाहीये."

"काहीतरीच! पक्ष्याला कुठले आलेत दात?" असं म्हणून ओबदुलिया मोठ्याने हसली, आणि मग तिचा हात एकदम तोंडावर गेला.