तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलेली प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्यासारखी प्रार्थना कुणाला जमत नाही. हे मी नाही, पाळकच म्हणायचे. मी उभी राहिले की पेंगणारेसुद्धा खडबडून जागे व्हायचे. त्या बुधवारच्या प्रार्थनासभेत तर मी कमालच केली.

माझी धाकटी जाऊ, जिला घरात सगळे बारकी म्हणतात, इस्पितळाच्या धुलाई विभागात माझ्याच हाताखाली आहे. चहाच्या सुट्टीत ती हळूच म्हणाली होती, "ताई, ह्यांनी दारू सोडायचं औषध सुरू केलंय. तीन महिने झाले, थेंब नाही. कुणाला बोलू नका."

मी कुठं कुणाला बोलले? फक्त देवाला सांगितलं. "हे प्रभू, माझ्या दिराला दारूच्या पाशातून सोडव, बारकीचे अश्रू पूस." अगदी खणखणीत आवाजात. तिसऱ्या रांगेत शाळेच्या मुख्याध्यापक बाई बसल्या होत्या, आणि माझा दीर त्यांच्याच शाळेची बस चालवतो.

गुरुवारी सकाळी त्याच्याकडून बसच्या किल्ल्या काढून घेतल्या.

नवरा म्हणाला, "देवाला काय कमी ऐकू येतं, एवढं ओरडून सांगायला?" मला संताप आला. नवरा खरं बोलला की मला नेहमीच येतो. मग मात्र लाज वाटली. मी चुगली केली होती आणि वर आमेन म्हटलं होतं.

तशीच दिराच्या घरी गेले. "भाऊजी, चूक माझी. बाईंना जाऊन सांगते. पण तुम्ही म्हणाल तेवढंच बोलेन."

"सगळं सांगा, वहिनी," तो म्हणाला. "आता झाकायचं काय राहिलंय?" बारकी आतून बाहेर आली नाही.

मुख्याध्यापक बाईंना मी तीन महिन्यांचं सांगितलं, डॉक्टरांचं नाव दिलं. त्या म्हणाल्या, "चौकशी करू. आठ-दहा दिवस लागतील."

आमच्या धुलाई विभागात रक्ताच्या, उलटीच्या चादरी वेगळ्या करायचं एक टेबल आहे. त्या महिन्यात ते बारकीकडे होतं. मी मुकादम, नाकाला रुमाल लावूनच तिकडे फिरकायची. शुक्रवारी हातमोजे चढवले आणि तिच्या जागी उभी राहिले. ती सरळ इस्त्रीकडे निघून गेली. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं ती विरघळेल. कसली विरघळतेय.

पुढच्या बुधवारी पाळकांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. "गेल्या वेळी मी इथं प्रार्थना नाही, चुगली केली. माझ्या जावेची आणि दिराची सगळ्यांसमोर माफी मागते." आणि खाली बसले. त्या दिवशी कुणी पेंगत नव्हतं.

दहाव्या दिवशी दिराला किल्ल्या परत मिळाल्या. मी टेबल सोडलं नाही. महिना माझाच, असं ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बारकी हातमोजे घालून समोर येऊन उभी राहिली. चारपाच चादरी झाल्यावर खाली मान घालूनच म्हणाली, "ताई, एक सांगायचं होतं."

मी आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. "सांग," म्हटलं.

तिनं सांगितलं. बातमी मोठी होती, आनंदाची होती. तीन दिवस माझ्या जिभेवर नुसती नाचत होती. नवऱ्याला सांगितली नाही. बुधवारी देवासमोर हात जोडले, तेही ओठ मिटून. आणि तुम्हालाही सांगणार नाही.