विझलेला ठिपका

कोरडा स्विमिंग पूल, आणि त्यात मांडी घालून बसलेली माणसं.

छत्री. बैल. चमचा. कंदील.

फ्लेक्सवर मेंदू, टेंपोएवढा. शेजारी पुन्हा तोच मेंदू.

कर्जतच्या बाजारात बांगड्या विकणारी एक बाई, जिला एके दिवशी ‘बांगडी’ हा शब्दच आठवेना.

ती बाई म्हणजे ललिता. डोक्यात गाठ निघाली होती. ऑपरेशन पुढे गेलं, म्हणून मेंदूचा फोटो दुसऱ्यांदा काढला. आणि आज खालापूरजवळच्या या फार्महाऊसवर, तेजोमहाराजांच्या सत्संगात, ती हार घालून स्टेजवर बसली होती, आनंदानं नुसती उधळलेली. ऑपरेशन टळलं होतं!

“बघा!” तेजोमहाराज माइकमध्ये गरजले. “पहिल्या फोटोत आग! लाल! आम्ही सांगितलं, बेटी, यंत्रात जाशील तेव्हा अखंड आमचं नाव जप. दुसऱ्या फोटोत आग कुठाय?”

“इझली!” अख्खा पूल ओरडला.

“मग कवटी फोडायची?”

“नाय!” सगळ्यात मोठा आवाज ललिताच्या नवऱ्याचा, नवनाथचा.

तेवढ्यात ललिताचा फोन वाजला. तिनं सवयीनं स्पीकर लावला. माइक समोरच होता.

“ललिताताई, डॉक्टर फराह बोलतेय. दुसऱ्या फोटोत घोळ आहे. मशीनमध्ये चित्रं दाखवली, छत्री, बैल... त्यांची नावं मनात घेतलीत ना?”

“नाय ओ बाई. म्हाराजांचं नाव घेत व्हते. चित्र असो नायतर नसो, एकसारखं.”

फोनमधून कपाळावर हात मारल्याचा आवाज पूलभर घुमला.

“अहो, लाल रंग म्हणजे आजार नाही, ते तुमचं बोलणं! नाव शोधताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथे रक्त जास्त धावतं. चित्र असतानाचं आणि नसतानाचं ताडून पाहून कॉम्प्युटर फरक तेवढा रंगवतो. तुम्ही सारखा एकच जप केलात. फरक नाही, रंग नाही. सर्जननं चाकू कुठे लावायचा नाही, हे त्या रंगावरून कळतं. जप सांगितला कोणी? सारखा जप केला की रंग पुसला जातो, हे पूर्वी असं मशीन चालवलेल्या माणसालाच ठाऊक असणार.”

“मंग गाठ?”

“लाल ठिपक्याशेजारचा करडा गोळा.”

सगळ्या माना फ्लेक्सकडे वळल्या. पहिल्या मेंदूत करडा गोळा. दुसऱ्या मेंदूतही, तेवढाच, जिथल्या तिथं. महाराजांनी स्वतःच्या खर्चानं तो कलिंगडाएवढा छापून घेतला होता.

“माइक बंद करा रे!” महाराज किंचाळले.

“म्हाराज,” एक म्हातारी खालून म्हणाली, “गोळ्याला जप आयकू नाय आला काय?”

पूल फुटला. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. ललितानं दोन्ही गोळ्यांकडे एकदा नीट पाहिलं, मग तीही खिदळायला लागली.

“उभ्या जन्मात पयल्यांदा कुनाचं आयकलं, आनि तेच चुकलं!” तिनं हार काढून नवनाथच्या गळ्यात टाकला. “चला ओ! परत मशीनमदी जाते. छत्रीचं, बैलाचं, सगळ्यांचं नाव घेते. वर त्यांच्या बापाचंपन घेते!”

तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला, तर नमस्कार करण्याआधी दोन प्रश्न विचारा: हे चित्र नेमकं कशाचं? आणि त्यात काय बदललेलं नाही?

गाठ काढताना, बोलणं शाबूत आहे ना हे तपासता यावं म्हणून, ललिता जागी होती, आणि सर्जनला त्याचं लग्न का जमत नाही ते समजावून सांगत होती.