आत्याची प्रॉक्सी

बाळांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर एक खोली उभी करा. लांबट खोली. पिढ्यान्‌पिढ्या कोपरं टेकून गुळगुळीत झालेली बाकं. पुढे हातभर उंचीचं व्यासपीठ आणि मागे फळा, ज्यावरचं कालचं गणित नीट पुसलेलं नाही. तुमच्या शाळेत याहून मोठे वर्ग असतील. पण हे एका कॉलेजचं अख्खं सभागृह आहे, कारण कॉलेजच चिमुकलं. तळमजल्यावर कोणी शिंकलं तर ती शिंक कोणाची, हे गच्चीवरच्याला ओळखू यावं, एवढं.

आता तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसवा, तुमच्याच वयाची. पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून हलवत बसलीय. शेजारी तिचे बाबा. तिला घरात सगळे हातोडी म्हणतात. हे नाव तिच्या आत्याने ठेवलं. आत्या कारखान्यांतले बॉयलर तपासायची. बॉयलर म्हणजे पाण्याची वाफ करणारं लोखंडाचं भलंमोठं पिंप. ते थंड झालं की आत्या त्याच्या पोटात शिरायची, हातोडीने पत्रा ठोकायची आणि कान देऊन ऐकायची. चांगला पत्रा टणटणतो, पोखरलेला बद्द वाजतो. भाचीचीही तीच तऱ्हा. काहीही सांगा, ठोकून बघितल्याशिवाय ही बया विश्वास ठेवायची नाही.

ती आत्या या वर्षी वारली. आणि आज तिच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता.

वर्षभरात गेलेल्यांची आठवण काढायची इथली रीत जगावेगळी. तरुणपणी ही सगळी मंडळी प्रॉक्सी लावण्यात पटाईत होती. मित्र तासाला दांडी मारून हिंडतोय, आणि त्याचं नाव आलं की दुसऱ्यानेच आवाज बदलून ‘हजर, सर!’ म्हणायचं. म्हातारपणी त्यांनी हाच खेळ थेट मरणाशी मांडला. गेलेल्याचं नाव पुकारलं की कोणीतरी उठायचं, त्याच्या आवाजात ‘हजर, सर!’ म्हणायचं आणि त्याच्याबद्दल खरं तेच सांगायचं. नुसतं गोडगोड चालत नसे. “माणसाला साखरेत घोळवून पाठवायचं नाही,” हा खुद्द आत्याचाच दंडक.

पण यंदा प्राचार्य नवे होते. माणूस वाईट नव्हता, टापटिपीचा होता. पहिल्या रांगेत बाहेरचे पाहुणे बसलेले पाहून त्यांनी आधीच बजावलं होतं, “मृत्यूची थट्टा नको. मी चार शब्द वाचेन, मग दोन मिनिटं मौन.”

त्यांनी आत्याचं नाव घेतलं आणि घसा खाकरून वाचलं, “स्वभावाने शांत, मितभाषी आणि मनमिळाऊ. कधी कोणाशी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. पतीच्या यशात त्यांचा मोलाचा वाटा होता.”

हातोडीचे पाय हलायचे थांबले.

“बाबा, हे कोणाबद्दल बोलतायत?”

“आत्याबद्दल. हळू बोल.”

“पण आत्याने लग्न कुठे केलं होतं?”

“नजरचूक झाली असेल. जाऊ दे.”

“म्हणजे नवराही प्रॉक्सीच?”

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. ते आत्याचे वर्गमित्र, दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांचे दात सांभाळले आणि स्वतःच्या तोंडात मात्र कवळी. हातोडी वळली.

“काका, दरवर्षी तुम्ही प्रॉक्सी लावता ना? मग उठा की!”

“मनाई आहे गं यंदा,” काका कुजबुजले. “पाहुणे जाऊ देत. चहाच्या वेळी बोलू आपण तिच्याबद्दल.”

“चहाच्या वेळी? कोपऱ्यात उभं राहून?”

काका छताकडे बघू लागले. बाबा चपलांकडे. बाबांचं आयुष्यभर आपण बरं, आपलं काम बरं. घरातली सगळी भांडणं, अगदी त्यांच्या वाटचीही, आत्याच भांडायची.

हातोडी मात्र व्यासपीठाकडेच बघत होती. आत्या गेली, त्याला इलाज नव्हता. पण ही कोण दुसरीच शांत, गोड, लग्न झालेली बाई येऊन तिच्या जागेवर बसत होती, आणि सगळे शहाणेसुरते लोक सरकून तिला जागा करून देत होते! आज सगळ्यांनी मान डोलावली की झालं. उद्यापासून आत्या म्हणजे हीच बाई.

“आता आपण स्तब्ध उभे राहू,” प्राचार्य म्हणाले.

सगळे उठले. बाकं करकरली आणि गप्प झाली. कोणीतरी खोकला दाबला. त्या शांततेत, बॉयलरच्या पोटातून यावा तसा घोगरा आवाज काढून हातोडी ओरडली,

“हजर, सर!”

पाहुण्यांच्या माना गर्रकन वळल्या.

“कोण आहे ते?”

“मी आत्याची प्रॉक्सी लावतेय.”

“बाळ, ही मौनाची वेळ आहे.”

“म्हणूनच तर, सर! आत्याला गप्प बसणं कधी जमलंच नाही.”

खसखस पिकली. प्राचार्यांचे कान लाल झाले. “मोठ्यांचा मान ठेवायला कोणी शिकवलं नाही वाटतं?”

हातोडीला वाटलं, आता बाबा दंड धरून गप्प करणार. बाबांचा हात पुढे आलाही. पण तो तिच्या पाठीवर टेकला.

“शिकवलंय, सर,” बाबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “माझ्या ताईनेच शिकवलंय. बोल गं तू.”

मग काय, हातोडी बाकावरच चढली.

“आत्या भांडकुदळ होती. कॅरममध्ये हरली की सोंगट्या उधळायची आणि वर म्हणायची, वारा आला. एका कारखान्याचा मालक तिला म्हणाला, बाई, माल अडलाय, पटकन सही करा. तर ती बॉयलरच्या आतून ओरडली, ‘पत्रा बोलतोय, तुम्ही गप्प बसा!’ आणि बॉयलर बंदच करायला लावला. मालकाने तिला खूप शिव्या दिल्या. पण भट्टीपाशी काम करणारे लोक ती आली की उठून उभे राहायचे. आणि तिला नवरा नव्हता. तिला नकोच होता!”

“हे मात्र शंभर टक्के खरं!” दातांचे डॉक्टर मागून गरजले. “मी स्वतः विचारून नकार घेतलाय!”

सभागृहात हशा उसळला. म्हाताऱ्यांनी बाकं बडवली. कोणी ओरडलं, “तिने माझीही सोंगटी ढापली होती!” पाहुण्यांपैकी एक बाई तर डोळे पुसत हसत होत्या.

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दंगा ओसरून मंडळी खाली बसायची वाट पाहिली. मग पुढचं नाव वाचलं, एका खूप जुन्या विद्यार्थ्याचं.

“स्वभावाने शांत, मितभा…” ते मध्येच थांबले. कागद खाली केला. “यांची हजेरी कोण लावणार?”

कोणी उठेना. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“त्यांच्या वर्गातलं आता कोणी उरलं नाही, सर,” डॉक्टर हळूच म्हणाले.

“मग नाइलाज आहे. हेच वाचतो.”

“थांबा ना, सर!” हातोडी म्हणाली. बाकावरून उडी मारून ती सरळ शेवटच्या रांगेत गेली आणि पहिल्याच आजोबांसमोर उभी राहिली.

“तुम्ही त्यांना कधी पाहिलं होतं का हो? नाही? बरं, तुम्ही सरका जरा. आजी, तुम्ही?”