रेशमावर उमटलेली बोटं

मी शिया बटरचा गोळा बोलतोय. डबी लहान आहे, पण जीवानं बरंच भोगलंय.

आफ्रिकेतल्या शिया नावाच्या झाडाच्या बियांत माझा जन्म. बायकांनी त्या बिया फोडल्या, भाजल्या, दळल्या आणि पाणी घालून खांदे भरून येईपर्यंत फेटल्या, तेव्हा कुठे मी वर तरंगलो. पुढे डबीत बसून दुकानोदुकानी फिरलो. शेवटी एका शिंप्याच्या लेकीनं मला घरी आणलं.

शिंपी म्हातारा. रेशमाच्या हातशिलाईत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण आता बोटांना भेगा पडल्या होत्या. धागा भेगेत अडके आणि कापड ओढलं जाई. दुकानाच्या मालकानं बजावलं होतं, "काका, आणखी एक कापड खराब झालं, तर रेशीम तुमच्याकडे देणार नाही."

"बाबा, हे झोपताना लावायचं," लेक म्हणाली.

"म्हातारपणी मला नटवतेस होय गं?"

"नटा की! बघायला कोण येतंय?"

ती एकेक बोट हातात घेऊन मला चोळायची. त्या उबेनं मी विरघळून भेगांत उतरायचो. भेगा भरू लागल्या, पण म्हाताऱ्याला धीर निघेना. एका नवरीचा रेशमी पोशाख पुरा करायचा होता. लेक कामाला गेली, तसं त्यानं मला दोन्ही हातांना चोपडलं आणि शिवायला बसला. धागा एकदाही अडकला नाही. गडी खुशीत गुणगुणत होता. मग त्यानं पोशाख उजेडात धरला. छातीवर तेलकट डाग, त्याच्याच बोटांचे.

मालक ओरडला नाही. "काका, उद्यापासून तुम्ही बटणं लावा," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अहो बाबा, झोपताना म्हटलं होतं ना मी!"

"धागा मात्र अडकला नाही हं," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे बघत राहिला.

आता त्याची बोटं मऊसूत झालीत, पण रेशीम येत नाही. तरी रोज झोपताना तो लेकीसमोर हात पुढे करतो. काल लेक म्हणाली, "संपत आलं, बाबा. आता आणायची गरज नाही." त्यानं हळूच हात मागे घेतला.

पोरी, मी तळाला लागलोय. दुसरी डबी आणू नकोस हवं तर. पण तो हात धरायचं सोडू नकोस.